सोपानरावांचा अंगठा

चाकण-तळेगाव रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या वर डॉ. स्वरूपा बोराटेचा त्वचारोगाचा दवाखाना आहे. मोशीहून ती सकाळी नऊला निघते आणि कंटेनरच्या रांगांतून वाट काढत साडेदहाला पोचते. बारा वर्षं हेच चाललंय. येणारे पेशंट बहुतेक कंपन्यांतले असतात. कुणाचे हात तेलापाण्यानं फुटलेले, कुणाचे पाय सेफ्टी बुटांत कुजलेले. नखांची तक्रार घेऊन येणारे तर इतके, की काउंटरवर बसणारी स्नेहल म्हणायची, "मॅडम, पाटीवर नखांचा दवाखाना असंच लिहू या."

मार्चच्या मध्यात एका दुपारी एक बाई आत आल्या. वय चाळिशीच्या पुढं, कपाळ मोकळं, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. नाव कुसुम सोपान ढगे, मूळच्या परभणीकडच्या. महाळुंग्याला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायचं काम होतं. त्यांनी हात टेबलावर ठेवले. मधल्या बोटांची नखं कडेनं सुजली होती, मुळाशी कातडी सुटली होती आणि एका नखावर हिरवट झाक होती.

"दिवसभर हात पाण्यात असतात ना?"

"आठ तास. ओव्हरटाइम असला की बारा."

"जुनं नखुरडं आहे हे," स्वरूपा म्हणाली. "नखाच्या मुळाशी फट पडलीय, त्यात ओल राहते. आत सुती आणि वर रबरी, असे दोन हातमोजे घालून काम करा. मलम देते. दीडेक महिना लागेल, पण बरं होईल."

कुसुमताईंनी मान हलवली आणि पिशवीतून एक कागद काढला. स्वरूपाच्याच दवाखान्याची चिठ्ठी होती, अडीच वर्षांपूर्वीची.

"हे आमच्या मालकांचं. अंगठ्याचं नख काळं पडलं व्हतं त्यांचं. तुमच्या गोळीनं ठणका थांबला म्हणायचे. बाई लई हुशार हाय म्हणायचे. म्हणून मी बी हितंच आले."

"आता कसे आहेत ते?"

"गेले. दिवाळीच्या आठ दिस आधी."

स्वरूपाचा हात चिठ्ठीवरच राहिला. "कशानं?"

"क्यान्सर. काखेत गाठ आली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात म्हणले, अंगठ्यातनं सुरू झालं व्हतं." कुसुमताईंच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बसची वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं, मलमाची चिठ्ठी घेतली आणि त्या गेल्या.

स्वरूपानं स्नेहलला पाच मिनिटं कुणाला आत सोडू नको म्हणून सांगितलं आणि कॉम्प्युटरवर सोपान ढगे हे नाव शोधलं. भिंग लावून प्रत्येक नखाचा फोटो काढून ठेवायची तिला पहिल्यापासून सवय होती. तो फोटो उघडला.

उजवा अंगठा. नखाच्या मधोमध उभी काळी रेघ, मुळाकडं रुंद होत गेलेली, कुठं गडद कुठं फिकी. आणि मुळाशी, नख संपून कातडी सुरू होते तिथं, तोच रंग ओल्या कागदावर शाई पसरावी तसा कातडीत उतरला होता. शिकत असताना हे चित्र तिनं कितीदा पाहिलं होतं. नखाखालचा कर्करोग ओळखायचा तो असाच. मार लागून रक्त साकळलं असेल तर ते नखाबरोबर पुढं सरकतं आणि मागं स्वच्छ नख येतं. ही रेघ मुळातूनच निघत होती. फोटोखाली तिच्याच हातची नोंद होती: मार. रक्त साकळलेलं. तीन महिन्यांनी दाखवा.

तिला तो दिवस आठवला. दसऱ्यानंतरचा सोमवार, अठ्ठावन्न पेशंट. निळ्या शर्टातला आडव्या अंगाचा माणूस समोर बसला आणि म्हणाला, "प्रेस मशीनखाली चेमटला म्याडम." प्रेस हा शब्द ऐकला आणि तिचे डोळे बघायचे थांबले. कारण आधीच मिळालं होतं. तिनं फोटो काढला, पण तो पाहिला नाही.

उठताना त्यानं विचारलं होतं, "जाईल ना म्याडम?"

"जाईल. नखाबरोबर वाढून जाईल."

त्यानंतर दाराशी थांबून तो आणखी काहीतरी म्हणाला होता. 'रेघ तर आधीपास्नंच हाय,' असं म्हणाला होता का? की हे आता आपण मनानं रचतोय? तिनं खूप ताण दिला. आठवायला गेलं की दर वेळी त्याचे ओठ हलायचे, शब्द मात्र ऐकू यायचे नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला पुढच्या पेशंटला बोलवायला तिनं केबिनचं दार उघडलं. बाहेरच्या लोखंडी बाकाच्या टोकाला, पाण्याच्या फिल्टरजवळ, निळ्या शर्टातला माणूस बसला होता. दुखऱ्या बोटाला कुणाचा धक्का लागू नये म्हणून माणूस धरतो तसा त्यानं उजवा अंगठा उभा धरला होता.

"तुमचा कितवा नंबर?" तिनं विचारलं.

"माझा सातवा," शेजारचा म्हणाला.

"तुमचा नाही, ह्यांचा."

शेजारच्यानं बाजूला बघितलं. मग स्नेहलकडं. स्नेहल उठून आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तिथं कुणी नाहीये."

स्वरूपा आत आली, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा दार उघडलं. बाक टोकाला रिकामा होता.

तो रोज यायचा नाही. गर्दीच्या दिवशी यायचा. पन्नासच्या वर नंबर गेले की तिला दार उघडण्याआधीच कळायचं. तो कधी तिच्याकडं बघायचा नाही, काही बोलायचा नाही. मान खाली घालून अंगठ्याकडं बघत बसायचा, आपला नंबर येणार आहे अशा भरवशानं. हा भरवसाच तिला सोसवेना. तो चिडलेला असता, अंगावर आला असता, तर तिला कदाचित सोपं गेलं असतं.

हळूहळू दवाखान्याबाहेरही तिला फक्त नखं दिसायला लागली. पेट्रोल पंपावर नळी धरलेली बोटं, बसच्या दांडीवरचे अंगठे, भाजीच्या गाड्यावर मिरच्या निवडणारे हात. मोशीच्या चौकात तिनं एका केळीवालीचा हात एकदम धरला. "हे काळं कधीपासून आहे?" केळीवालीनं हात ओढून घेतला. "मेंदी हाय ती ताई. पुतणीचं लगीन झालं." आजूबाजूचे बघायला लागले. स्वरूपा केळी न घेताच निघाली.

एप्रिल आणि मे मिळून तिनं सात जणांना चिंचवडला डॉ. गणराज भोईरकडं पाठवलं. गणराज तिच्या बॅचचा, हाताचा सर्जन. सातही जणांच्या नखाच्या मुळाचा तुकडा काढून तपासला. सातही निर्धोक निघाले. त्यातला एक विक्की, वय चोवीस, टेम्पो चालवणारा. त्याच्या चार बोटांना पुसट रेघा होत्या. सावळ्या माणसांत अशा रेघा पुष्कळांना असतात. एकाच बोटाला असेल, रुंद होत असेल, कातडीत उतरत असेल तर घाबरायचं, हे स्वरूपाला पाठ होतं. तरी तिनं त्याला पाठवलं. तपासणीत नखाचं मूळ दुखावलं आणि त्याचं नख मधोमध दुभंगून वाढायला लागलं.

"आता हे असंच राहणार का मॅडम?" विक्कीनं विचारलं.

"हो. असंच राहणार."

"शर्ट घालताना अडकतं," तो म्हणाला आणि उगाच हसला. "पण क्यान्सर नाही ना? मग झालं तर."

त्या संध्याकाळी गणराजचा फोन आला. "स्वरूपा, काय चाललंय? ते पोरगं माझ्याकडं पाठवायचं कारण काय होतं?"

तिनं पहिल्यांदा कुणाला तरी सोपानरावांचं सांगितलं. बाकावरचं सांगितलं नाही.

"हे बघ," गणराज म्हणाला, "तुझ्यासमोर पेशंट बसतो आणि तू त्याच्यात दुसऱ्यालाच बघतेस. त्या वेळी रोगी बघितला नाहीस, आताही बघत नाहीस. आणि त्या बाईंना एक अक्षर बोलू नकोस. केस होईल. तू तीन महिन्यांनी यायला सांगितलं होतंस, तो आला नाही. कागदावर तू सुटतेस."

कागदावर सुटतेस, हे खरंच होतं. फोन ठेवल्यावर ती पार्किंगमध्ये गाडीत नुसती बसून राहिली.

कुसुमताई या मधल्या काळात दोनदा येऊन गेल्या होत्या. सूज उतरत होती, मुळाशी नवं गुलाबी नख धरत होतं. दोन्ही वेळा स्वरूपानं फक्त नखांवर बोलून त्यांना पाठवलं. मेच्या शेवटी त्या तिसऱ्यांदा आल्या. हात दाखवून झाले तरी उठल्या नाहीत.

"म्याडम, एक इचारू का? माझा पुतण्या रिपोर्ट वाचायला लागला. म्हणला काकू, अंगठ्यालाच वळखता आलं असतं. तर तवा व्हतं का ते? तुमाला दावलं तवा?"

स्वरूपाला गणराजचं वाक्य आठवलं. ओठांवरही आलं. मग तिनं कॉम्प्युटरचा पडदा कुसुमताईंकडं वळवला.

"होतं," ती म्हणाली. "हा त्यांचा फोटो. ही रेघ मुळाकडं रुंद होत चाललीय, बघा. आणि इथं कातडीत काळं उतरलंय. हे बघितल्यावर त्याच दिवशी पुढं पाठवायला पाहिजे होतं. मी मार समजले. चूक माझी आहे."

कुसुमताई फोटोकडं बघत राहिल्या. नवऱ्याचा हात ओळखावा तसं त्यांनी बोट पुढं केलं, पण काचेला लावलं नाही.

"तवाच अंगठा कापला असता, तर राहिले असते?"

"नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण बहुतेक राहिले असते."

वरचा पंखा गरगरत होता. खाली टायरवाल्याकडं हवा भरायच्या मशीनचा आवाज सुरू झाला आणि थांबला.

"हे मला का सांगितलं?" कुसुमताईंनी विचारलं. "न्हाई म्हणला असता तर मला काय कळलं असतं?"

आणि मग स्वरूपानं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "ते इथं येतात. बाहेर बाकावर बसतात. तुम्हाला मी वेडी वाटेन."

कुसुमताईंचा चेहरा पहिल्यांदा हलला. त्या रागावतील, उठून जातील असं स्वरूपाला वाटलं. त्या म्हणाल्या ते वेगळंच होतं.

"माझ्याकडं न्हाई येत. सात महिने झाले, एकदा बी सपनात आले न्हाईत. मी रोज त्यांचं नाव घेऊन निजते. आन तुमच्याकडं यायलेत?"

स्वरूपानं हळूच मान हलवली.

"कसे दिसायलेत?"

"निळा शर्ट असतो."

"कंपनीचा. आन अंगानं?"

"अंगानं चांगले आहेत. आडवे. मी पाहिले होते तसेच."

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. "शेवटी नुसती हाडं राहिली व्हती," त्या पदरातून म्हणाल्या. "मला तेच दिसतं डोळ्यापुढं. आधीचे कसे व्हते ते आठवतच न्हाई." थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले. "आत्ता हायेत का?"

बाहेर गर्दी होती. स्वरूपानं दार किलकिलं केलं. फिल्टरजवळ तो होता, मान खाली, अंगठा उभा.

"आहेत. शेवटच्या जागेवर."

"मी बसू तिथं जरा?"

कुसुमताई बाहेर गेल्या आणि बाकाच्या टोकाशी, एका माणसाची जागा सोडून बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. स्वरूपा दारातून बघत होती. त्या रिकाम्या जागेकडं तोंड करून काहीतरी बोलत होत्या, अगदी हळू, एसटी स्टँडवर नवरा-बायको बोलतात तसं. एक माणूस येऊन म्हणाला, "मावशी, सरकता का?" त्या म्हणाल्या, "माणूस हाय हितं." तो उभाच राहिला. स्नेहलनं स्वरूपाकडं पाहिलं. स्वरूपानं मानेनंच राहू दे म्हटलं.

पाऊण तासानं कुसुमताई उठल्या. स्वरूपानं दोन पेशंटच्या मधे दार उघडलं तेव्हा त्या जिना उतरत होत्या आणि सोपानराव बाकावर नव्हते. त्यांच्या जागी मघाचा उभा राहिलेला माणूस बसून मोबाइल बघत होता. त्या दिवसानंतर निळा शर्ट तिला दवाखान्यात दिसला नाही.

दोन आठवड्यांनी कुसुमताई पुन्हा आल्या. केस करायची का, असं स्वरूपानं स्वतःच विचारलं. "पुतण्या म्हणतो करू. मी अजून ठरवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आन माफ केलं म्हणा, असं मला म्हणू नका. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. पण एक सांगा. आमच्या मालकावाणी अजून कुणाला तुमी असं पाठवलंय का?"

हा प्रश्न स्वरूपाला आधी पडला कसा नाही? तीन महिने ती एकाच अंगठ्यापाशी अडकून बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं जुने फोटो काढले. बारा वर्षांचे, नखांचेच चार हजारांच्या वर. दुपारी डबा खाऊन झाला की ती बसायची. नोंद झाकायची, आधी नुसता फोटो बघायचा, मनात निदान करायचं, मग नोंद उघडायची. बुरशी. मार. सोरायसिस. पुन्हा बुरशी. महिनाभरात तिची नजर पुन्हा बसली. घाबरायचं कुठं आणि नाही कुठं, ते तिला परत दिसायला लागलं. सदतिसाव्या दिवशी ती थांबली.

डाव्या पायाचा अंगठा. मुळातून निघालेली एकच रेघ, काठ अस्पष्ट. कातडीत काही उतरलेलं नव्हतं, पण एका कडेला रंग दाट होता. नोंद: चपलेचा दाब. नाव अंबुबाई पवार, वय बावन्न, घरकाम, नाणेकरवाडी. फोटोला दोन वर्षं आणि एक महिना झाला होता.

फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही.

तिनं कुसुमताईंना फोन केला. कारण त्याच भागात त्या राहत होत्या, आणि खरं तर एकटीनं जायचा तिला धीर नव्हता. रविवारी दोघी नाणेकरवाडीच्या खोल्यांमधून फिरल्या. एकाच अंगणाभोवती वीस-वीस खोल्या, दारांत बूट, दोरीवर कंपनीचे शर्ट. दोन वर्षांत बिऱ्हाडं बदलली होती. पवार? कुठले पवार? सोळाव्या की सतराव्या दारात एक म्हातारी गहू निवडत होती.

"अंबू व्हय? ती गेली की राजगुरुनगरला लेकीकडं. गेल्या साली."

स्वरूपाला आधी 'गेली' एवढंच ऐकू आलं.

"नंबर हाय का तिचा?" कुसुमताईंनी विचारलं.

म्हातारीच्या सुनेनं मोबाइलमधून नंबर काढून दिला. स्वरूपा आपल्या फोनवर तो अर्धाच दाबून थांबली. कुसुमताईंनी फोन घेतला, नंबर दाबला, रिंग ऐकली आणि परत तिच्या हातात दिला.

"हॅलो?" पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला. मागं कुकरची शिट्टी होत होती.

"अंबुबाई पवार का? मी चाकणहून डॉक्टर स्वरूपा बोलतेय. तुम्ही पायाच्या अंगठ्याचं नख दाखवायला आला होतात."

"आले असंन. का हो?"

"कसं आहे ते आता?"

"तसंच हाय की. जरा रुंदावलंय. दुखत-बिखत न्हाई. तुमीच म्हणला हुता जाईल म्हणून."

कुसुमताई अंगणात उभ्या राहून तिच्याकडं बघत होत्या. स्वरूपा म्हणाली, "मी चुकीचं सांगितलं होतं. उद्या सकाळी मी गाडी घेऊन येते. आपल्याला चिंचवडला जायचंय."

गणराजनं त्याच आठवड्यात तुकडा तपासायला पाठवला. या वेळी रिपोर्ट निर्धोक नव्हता. पंधरा दिवसांनी अंबुबाईंचा अंगठा काढला. मांडीच्या सांध्यातल्या गाठी तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. "पण दोन वर्षं गेलीत," गणराज म्हणाला. "पाच वर्षं दर काही महिन्यांनी बघत राहावं लागेल. मगच बोलता येईल."

अंबुबाई आता दर तीन महिन्यांनी राजगुरुनगरहून बसनं येतात, चप्पल बाहेर काढून लंगडत आत येतात आणि म्हणतात, "बघा." स्वरूपा जमिनीवर बसून त्यांचा पाय मांडीवर घेते. उरलेली एकोणीसही नखं बघते, मग जांघेत हात लावून गाठ चाचपते. त्यांना घाई असली, बाहेर कितीही नंबर असले, तरी ती उठत नाही.